अर्धी जमीन बहिणीची

"मंग शेळी कोनाची व्हती?" गलांड्याच्या वाफ्यातून मान वर न करता शकुबाईनं विचारलं.

"कोनाची का आसंना, आई. एक शेळीवाला, एक बागवाला. नावं नाय दिलेली."

"नावं नाय? मंग मानूस कसा हाय ते कळायचं कसं? शेळी भागीबाईची आसंल तर ती मुद्दाम सोडती. वाळूनानाची आसंल तर बिचाऱ्याचं दावंच कुजलं आसंल."

"नियम ऐक. जनावरानं नुकसान केलं तर भरपाई मालकानं द्यायची, मग दावं तुटो नायतर सुटो. आता घटना. शेळीनं बागवाल्याची रोपं खाल्ली. शेळीवाला म्हनतो, मी पक्कं बांधलं व्हतं. सांग निकाल."

शकुबाईनं ओच्यातली फुलं पाटीत ओतली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"निकाल काय त्यात! शेळीवाल्यानं आठ दिस बागवाल्याच्या घरी दूध घालायचं. दोघं एकदा संगं चहा प्यायले का मिटलं."

चंद्रभागा हसून हसून वाफ्यातच बसली. "दुधाचा पर्यायच नाय गं त्यात!"

"नाय? मंग तुमचा पेपर काढनारा कधी शेळीमागं फिरलेला दिसत नाय."

कुंपणापलीकडून अंबूबाईचा आवाज आला, "ए जज्जीनबाई, हात चालवा. ऊन चढलं."

मखमलाबादच्या शिवारात १९८२ सालच्या उन्हाळ्यात रोज सकाळी असलं कोर्ट भरायचं. जज्ज शकुबाई, वकील तिची लेक चंद्रभागा आणि ऐकायला आजूबाजूच्या वाफ्यांतल्या तोडणाऱ्या बाया. वकील हसायची आणि जज्ज चिडायची, एवढाच काय तो खऱ्या कोर्टाहून फरक.

शकुबाई माळ्याची. दिंडोरीकडच्या एका खेड्यात दिलेली. नवरा विहिरी खणायच्या कामावर जायचा. एकदा उडाला नाही म्हणून सुरुंग बघायला वाकला, तेव्हा तो उडाला. पोरगी दहा वर्षांची. सासरी दीर होते, जावा होत्या, पण विधवा भावजयीला आणि तिच्या पोरीला बसून खाऊ घालील असं कोणी नव्हतं आणि शकुबाईही बसून खाणारी नव्हती. तेराव्याला तिचा पाठचा भाऊ मल्हारी बैलगाडी घेऊन आला. कोणाशी वाद घातला नाही. भांडी गाडीत चढवली, पोरीला पुढं बसवलं. "आक्का, चल," म्हणाला.

मखमलाबादेत विहिरीलगतचा वीस गुंठ्यांचा तुकडा त्यानं तिला लावून दिला. "हितं फुलं कर. पानी माझ्या इंजिनाचं. चार दिसाला तुझी पाळी." त्यावर शकुबाई चार माणसांदेखत म्हणाली होती, "मला तुझ्या जमिनीतलं काय नको रे बाबा. जगायपुरतं झालं." त्या दोघांचा बाप तेव्हा नुकताच गेलेला. भाऊ एकच, बहीण एकच. कागद कसला करायचा? भावाबहिणीत कागद करतात ते ज्यांचं पटत नाही ते लोक, असंच सगळी आळी समजत होती.

तिथून पुढं अकरा वर्षं शकुबाईनं गलांडा केला, बिजली केली, शेवंती केली, उन्हाळ्याला मोगरा. पहाटे तोडायचं, ओल्या गोणपाटाखाली पाट्या झाकायच्या आणि दुपारच्या आत नाशकात फुलबाजारात हजर व्हायचं. तिथं तिच्या तोंडाला दलालही दबून असायचे. आवाज असा, की या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाच्या गिऱ्हाइकानं मान वळवावी. हळू बोलणं तिला जमायचंच नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं आपल्यालाच मागते.

पोरगी मात्र मिटल्या तोंडाची आणि उघड्या डोळ्यांची. फुलांच्या पाट्या उतरवून तशीच कॉलेजात जायची. केसांत फूल नसायचं, अंगाला मात्र वास असायचा. बी.ए. झाली ती कॉलेजात दुसरी आली. तिच्या सरांनी सांगितलं, पुण्याच्या एका कॉलेजात कायद्याच्या प्रवेशाला परीक्षा घेतात. जे वरचे येतील त्यांची फी माफ, वसतिगृहात राहणं-जेवण फुकट. कायदा नाशकातही शिकवत होते, पण तिथं फी भरावी लागली असती. म्हणजे पुण्याची परीक्षा, नाहीतर काही नाही. सरांनी जुने पेपर आणून दिले आणि एक गोष्ट बजावली: नियम दिला असेल तोच लावायचा. आपली अक्कल, आपली दयामाया मधे घालायची नाही. तिथंच सगळे चुकतात.

सगळ्यांत जास्त हरखला तो मल्हारी. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, अर्ध्या गालाला साबण, तो सांगायचा, "माझी भाची वकील व्हनार. आता बांधावरून कोनी तोंड वाजवू द्या, घरचीच वकीलीन हाय." पुण्याला तोच नेणार होता. हडपसरला त्याचा साडू. शनिवारी मुक्काम तिथं, रविवारी परीक्षा. नवं धोतर काढून ठेवलं होतं. बायको म्हणाली, परीक्षा तिची का तुमची?

अभ्यासाला वेळ कुठला? मोगऱ्याचा हंगाम, लगीनसराई. म्हणून चंद्रभागेनं ही युक्ती काढली. पेपर पिशवीत घालून बांधावर दगडाखाली ठेवायचा. एक प्रश्न वाचून यायचं, तोडता तोडता आईला तोंडी सांगायचा आणि आईनं चुकीचा निकाल दिला की तो का चुकीचा ते तिला पटवायचं. आईला पटलं, की समजायचं आपल्याला आला.

पहिल्यांदा शकुबाई प्रत्येक निकालात चहा पाजायची. मग तिला त्यातली गोम कळू लागली. नावं विचारायची सोडली. "नियम पुन्यांदा सांग," म्हणायला लागली. "बिचारा" हा शब्द तोंडात यायचा, तो गिळायला लागली. एकदा एका म्हातारीच्या विरुद्ध तिनं बरोबर निकाल दिला आणि नंतर दुपारपर्यंत तिला चैन पडेना. "नियमाला धरून झालं ते," ती म्हणाली, "पन म्हातारी जेवली आसंल का गं?" कधी शाळेत न बसलेली ती बाई, पण तिला या खेळाची चटक लागली. बरोबर आलं की ती मांडीवर थाप मारायची आणि निकाल असा पुकारायची की जणू बाजारात भाव फोडतेय.

परीक्षा पुढच्या रविवारवर आली होती. चंद्रभागेनं पिशवीतून कागद काढला आणि वाचून आली.

"नियम आसा. बापामागं जमीन मुलाला आणि मुलीला सारखी. आणि हक्क सोडायचा तर तो लिहून, नोंद करूनच सुटतो. तोंडानं सोडलेला सुटत नाय."

"बरं."

"घटना. बाप मेला. मागं एक मुलगा, एक मुलगी. मुलगी लोकांदेखत म्हनाली, मला काय नको. बरीच वर्सं भाऊ जमीन कसतोय. आता बहीन हिस्सा मागती. भाऊ म्हनतो, तू तर सोडलाय. निकाल?"

शकुबाई कळ्या तोडत राहिली. तिची बोटं झरझर चालत होती आणि कपाळाला आठी होती. तिला आपल्या घराची आठवणही आली नाही, हे इथं सांगायला हवं. अकरा वर्षं जो माणूस आपल्याला पाणी देतो त्याच्याकडं पेपरातला भाऊ म्हणून कोण बघेल? तिच्यापुढं नियम होता. तो तिनं बोटावर धागा गुंडाळावा तसा नीट गुंडाळला. तोंडानं सोडलं. लिहिलं नाही. म्हणजे सुटलं नाही.

"आर्धी जमीन बहिनीची!" ती ओरडली आणि मांडीवर थाप मारली.

"बरोबर!" चंद्रभागाही ओरडली.

कुंपणापलीकडं त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या दोघींच्या ते ध्यानात आलं नाही.

दोन दिवसांनी शकुबाईची पाण्याची पाळी होती. विहिरीकडून पाणी आणणारा दांड कोरडा. मेचं ऊन. गलांडा तग धरतो, मोगरा नाही. तिला वाटलं, इंजिनाचा पट्टा तुटला असेल. विहिरीवर गेली तर इंजिन धाडधाड चाललेलं आणि पाणी मल्हारीच्या वांग्यांत. तो खोरं घेऊन बारं धरत होता, एकेका वाफ्यात पाणी सोडत.

"मल्हारी, आज पाळी माझी हाय."

"आसंल."

"आसंल म्हंजी? माझा मोगरा माना टाकायला लागलाय."

मल्हारीनं खोरं मारून एक वाफा फोडला, पाणी आत सोडलं. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "आर्धी जमीन बहिनीची, आसं म्हनली ना तू? आन भाची म्हनली बरोबर. मला अंबूबाईनं सांगितलं. अंबूबाई चहाडखोर हाय, पन खोटं बोलत नाय, हे तुलाबी ठावं हाय."

शकुबाईला हसूच फुटलं. तेवढं हसली नसती तर बरं झालं असतं.

"आरं येड्या, त्यो पेपरातला परश्न व्हता! पुन्याच्या पेपरातला!"

"पुन्याच्या?" आता त्यानं मान वर केली. "बाप मेलेला. एक भाऊ, एक बहीन. बहिनीनं लोकांदेखत तोंडानं सोडलेलं. भाऊ कसतोय. हे पुन्यात बसलेल्या मान्साला कसं ठावं झालं, आक्का? कोनी लिहून धाडलं?"

उलट्या बाजूनं पाहिलं तर खरंच तसं दिसत होतं. तिनं लांबूनच हाक मारली, "चंद्रेऽऽ, तो कागद आन!"

चंद्रभागा कागद घेऊन पळत आली. मल्हारीनं हात धोतराला पुसले, कागद घेतला. त्याला अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण कागद होता इंग्रजी. त्यानं तो उलटासुलटा केला.

"छापील हाय, मामा," चंद्रभागा म्हणाली. "जुना पेपर हाय. आपला काय संबंध नाय. घरोघरी आसंच आस्तं, म्हनून तसं घालत्यात."

"छापील हाय ते दिसतंय मला." त्यानं कागद तिच्या हातात दिला. आवाज खाली आला होता. रागावलेला नव्हता तो. घाबरलेला होता. "एवढंच सांग पोरी. पेपर राहू दे बाजूला. खरा कायदा, सरकारचा, तो तसा हाय का नाय?"

चंद्रभागेला सांगता आलं असतं, की पेपरातला नियम पेपरापुरता असतो. तसं तिच्या सरांनीही सांगितलेलं होतं. ते खोटंही झालं नसतं. तिनं आईकडं पाहिलं. शकुबाई डोळ्यांनी सांगत होती, नाय म्हन. बाई, नाय म्हन.

"साधारन तसाच हाय, मामा," चंद्रभागा म्हणाली. "पन आमी कधी..."

"झालं," मल्हारी म्हणाला.

"आत्ता चल," शकुबाई पुढं झाली. "आत्ता नाशकाला चल, कुठं सांगशील तिथं आंगठा देते. खंडेरायाचा भंडारा उचलते."

"तू उचलशील गं. तुझ्यावर माझा काय वहीम नाय." मल्हारी पाण्याकडं बघत बोलला. "पन आंगठे मोडायलाच तर वकील शिकत्यात. तू हायेस तवर तू गप बसशील. तुझ्या मागं? ही कायदा जानती. आत्ताच तोंडावर सांगितलं तिनं. माझी पोरं हिच्यापुढं उभी राहत्याल का?"

"मामा, मी भांडाय नाय आले. मी परीक्षेला चालले."

"जा ना. मी आडवत नाय. आडवला आसं कोनी म्हनू नये. पन मंग पानी तुझं तू बघ. कायद्यानं जे तुमचं निघतंय ते कायद्यानं घ्या. पानीबी त्यातच मागा."

त्यानं खोरं उचललं आणि पुढचा वाफा फोडला.

दुपारी झोपडीत दोघी जेवायला बसल्या. भाकरी, कांदा, वांग्याचं भरीत. वांगी मल्हारीचीच. कालपर्यंत ती तशीच यायची, कोणाची म्हणून कोणी विचारत नव्हतं.

"मी एकटी जाते यष्टीनं," चंद्रभागा म्हणाली. "संगमनेर, नारायणगाव करत सांजच्याला पोचते. सरांच्या वळखीचं घर हाय तिथं."

शकुबाई चावत राहिली.

"मोगरा वाळला तर वाळू दे यंदा. मी वरती आले ना आई, तर मला एक पैसा लागनार नाय. राहनं फुकट, जेवन फुकट."

"तुझं फुकट," शकुबाई म्हणाली. "माझं?"



शकुबाई एरवी इतकी हळू कधी बोलली नव्हती. "तू जाशील. तीन वर्सं. मंग कोर्टात जाशील, मंग लगीन व्हईल, तिकडं जाशील. मी हितंच. विहीर त्याची, वाट त्याची. आजारी पडले तर उचलनार तो. मेले तर उचलनार तो. त्यानं मला गाडीत घातलं तवा तुझ्या चुलत्यांनी दार लावून घेतलं व्हतं. तुला आठवत नसंल."

"आठवतंय."

"त्याला मी चोर वाटले तर मी जगू कुठं?"

"पन तू चोर नायेस. मीबी नाय. आपन फक्त खरा निकाल दिला."

"तेच तर म्हनते. चुकीचा दिला आसता तर बरं झालं आसतं." तिनं ताट बाजूला सरकवलं. "नको जाऊ."

पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिचा स्वभाव मल्हारीवर गेला होता, आतल्या आत बसणारा. तिनं दोघींची ताटं उचलली, घासली, उन्हात पालथी घातली. मग पाटी घेऊन वाफ्यात गेली. शकुबाईला वाटलं होतं, ती आरडाओरडा करील, मग आपण चिडू, मग ती हट्टानं यष्टीत बसून जाईल आणि मल्हारीला सांगता येईल की पोरीनं आपलं ऐकलं नाही. त्याची वाट बघत ती शनिवारपर्यंत थांबली. शनिवारी पुण्याची गाडी जायच्या वेळेला चंद्रभागा गजरे गुंफत होती.

मल्हारीकडं शकुबाईनं निरोपसुद्धा धाडला नव्हता. पोरगी गेली नाही हे त्याला कसं कळलं कोण जाणे. सांजच्याला दांडातून पाणी खळखळत आलं. पाळी नव्हती तरी आलं. मागून तो स्वतः खोरं घेऊन आला, मोगऱ्याचं एकेक बारं धरून दिलं, शेवटच्या वाफ्यापर्यंत. मग बांधावर टेकला. "चंद्रे, च्या ठेव गं," म्हणाला. चंद्रभागेनं चहा ठेवला. तो प्याला. कपबशी विसळून पालथी ठेवली आणि आला तसा गेला.

रविवारी सकाळी तोडणी नेहमीसारखी चालली. ऊन चढता चढता कुंपणापलीकडून अंबूबाईनं विचारलं, "काय गं शकुबाई, आज कोर्ट बंद?"

शकुबाई पाटी उचलून पुढच्या वाफ्यात गेली. अंबूबाईनंही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात चंद्रभागेचं लग्न झालं. मनमाडला, रेल्वेच्या वर्कशॉपातला मुलगा. माणूस निर्व्यसनी, घरात नळ, वीज. मल्हारीनं मामाच्या नात्यानं जे करायचं ते दुपटीनं केलं. मांडवात त्यानं फुलं कमी पडू दिली नाहीत आणि पाठवणीच्या वेळी तो असा रडला की बायांना त्याला बाजूला न्यावं लागलं. लोक म्हणाले, मामा असावा तर असा. ते काही खोटं म्हणाले नाहीत.

चंद्रभागा सणावाराला यायची. आईशी बोलायची, मामाच्या पाया पडायची. तिच्यात बघणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं. शकुबाईला दिसायचं. पोरगी कशातच निकाल देत नव्हती. दोन लुगडी पुढं टाकून विचारलं, कोनतं चांगलं? तर, "तुला आवडंल ते." तिला मुलगी झाली, नाव काय ठेवायचं? "आत्याबाई ठेवतील ते." जावई आणि मल्हारी कशावरून वाद घालायला लागले आणि जावयानं हसत तिला विचारलं, तू सांग कोणाचं बरोबर, तर ती उठून चुलीकडं गेली. एकेकाळी शेळीवरून हसून हसून वाफ्यात बसणारी ती पोर आता दोन्ही बाजूंना मान हलवायची.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात ती आली होती. तिची लेक झोपडीत झोपलेली. दोघी मायलेकी पहाटेच मोगऱ्यात शिरल्या होत्या. चंद्रभागेची बोटं अजून चलाख होती. शकुबाईनं पाच वर्षं जे विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"चंद्रे, तवा गेली आसती तर?"

चंद्रभागेला कधीची गोष्ट ते विचारावं लागलं नाही. तिनं हातातल्या कळ्या पाटीत टाकल्या.

"कोनाला ठावं," ती म्हणाली. "नापासबी झाले आसते, आई."

आईला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली. तिच्या तोंडावर रागाचं काही नव्हतं. पण शकुबाईनं तिच्याबरोबर ते पेपर अख्खा उन्हाळाभर सोडवलेले होते. ही पोर नापास झाली नसती, हे शिवारात दुसऱ्या कोणाला कळत नसेल, पण तिला पक्कं कळत होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पोरीनं हे असं सोडून द्यावं, ते तिला सोसवेना.

"मी तवा नको जाऊ म्हनले ते..." तिनं सुरुवात केली.

"आई, इंजिन चालू झालं. पाळी तुझी हाय ना आज? पानी वाया जाईल."

पाणी खरंच दांडात आलं होतं. ते वळवायला कोणीतरी जायला हवं होतं. शकुबाईनं लुगडं पोटरीपर्यंत खोचलं, बांधावरचं खोरं घेतलं आणि पहिला वाफा फोडायला गेली.